थोमाचा प्रश्न : जालना, नगर, केडगाव

नमस्कार मंडळी.

आजचा भाग झरीतून. स्टुडिओ वगैरे काही नाही. आमच्या माळवदावर बसलोय, मोबाईल उशीला टेकवून ठेवलाय. मागे ट्रॅक्टर ऐकू आला तर समजून घ्या, जिंतूर रस्ता जवळच आहे. ज्यांना कानात घालून ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा मजकूर ब्लॉगवर टाकतोय. बोलताना जिथं जीभ अडखळली तेवढं सावरून घेतलंय, बाकी जसंच्या तसं.

विषय थोडा वेगळा आहे, आणि तो मी निवडलेला नाही. तो माझ्याकडे आला.

पुण्यातला माझा रूममेट जालन्याचा. ख्रिस्ती. चार वर्षं आम्ही एका खोलीत काढली, एका गॅसवर पोहे केले, पण धर्माबद्दल आमचं कधी बोलणं झालं नाही. त्याचे वडील जानेवारीत गेले. ईस्टरला तो मला म्हणाला, "चल ना घरी, एकट्याला जावंसं वाटत नाहीये." गेलो. त्यांच्या मंडळीत ईस्टरची उपासना पहाटे, उजाडायच्या आत, दफनभूमीतच असते. मेणबत्त्या, फुलं, अंगावर शाली घेतलेल्या बायका, पेंगणारी लेकरं. वडिलांच्या कबरीवरची माती अजून बसलेली नव्हती. पाळकसाहेबांनी मोठ्यानं जाहीर केलं की ख्रिस्त उठला आहे. त्यावर सगळ्यांनी मिळून उत्तर द्यायचं असतं, की होय, खरोखर उठला आहे. सगळ्यांनी दिलं. मी शेजारीच उभा होतो म्हणून मला कळलं, माझा मित्र गप्प होता.

नंतर स्टेशनजवळ चहा पिताना तो म्हणाला, "तोंडातून निघालंच नाही रे. माती बघितली आणि वाटलं, इथून कोण कसं उठणार? आईला सांगू नको." मग थोडं थांबून म्हणाला, "तू इतिहासाचं करतोस ना? मग शोधून सांग. आमच्यात कुणाला अशी शंका आली होती का कधी? का मीच पहिला?"

हा भाग म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर. हे सगळं सांगायची परवानगी त्यानं दिलीय, नाव घ्यायचं नाही या अटीवर.

आधी माझं सांगतो, नाहीतर वाटेल की हा बाहेर उभा राहून दुसऱ्याच्या घरात डोकावतोय. माझी आजी गेली तेव्हा मी रेल्वेत होतो. पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. अस्थी गंगाखेडला गोदावरीत सोडल्या. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. आई हात जोडून पुटपुटली, की नातवाचं लग्न तुमच्या मनासारखं करू, काळजी करू नका. तेव्हा कुठं कावळा आला. मी विज्ञान शाखेतून बारावी झालेला माणूस. माझा विश्वास होता का त्या कावळ्यावर? नव्हता. पण तो आला तेव्हा माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं, हे खोटं कसं सांगू? त्यामुळे शंका आणि श्रद्धा एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात का, हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही.

आता मुद्द्यावर येतो.

पहिला गोंधळ शब्दाचा. आपल्याकडे पुनर्जन्म सगळ्यांना कळतो. आत्मा एक देह सोडतो, दुसरा घेतो. ख्रिस्ती लोक म्हणतात ते पुनरुत्थान. त्यात दुसरा जन्म नाही. तोच माणूस, मेलेला, देवाच्या सामर्थ्यानं पुन्हा उठतो. येशूला इसवी सन ३० च्या आसपास यरुशलेममध्ये रोमन सत्तेनं वधस्तंभावर मारलं, आणि तिसऱ्या दिवशी तो उठला, असं ते मानतात. पुढे एक दिवस सगळेच उठतील ही त्यांची आशा त्यावरच उभी आहे. याबद्दलच्या सगळ्यात जुन्या लेखी मजकुरांपैकी एक पौलाच्या करिंथ इथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात आहे, साधारण सन ५३ ते ५५ मधला. म्हणजे घटनेनंतर पंचवीसेक वर्षांनी. पत्रातला हा भाग पौलाला मुळात लिहावा का लागला? कारण करिंथच्या त्या मंडळीतच काही जण म्हणत होते की मेलेले उठत नाहीत. मित्रा, तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथेच मिळतं. तू पहिला नाहीस. तू साधारण दोन हजार वर्षं उशिरा आलायस.

शुभवर्तमानं वाचली तर शंका लपवलेली दिसत नाही, हे मला फार नवलाचं वाटलं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सगळ्यात जुन्या पूर्ण प्रतींमध्ये गोष्ट कुठं संपते माहितीये? बायका कबरीपाशी जातात, कबर रिकामी असते, आणि त्या घाबरून पळतात. कुणाला काही सांगत नाहीत. संपलं. पुढच्या ओळी नंतर जोडलेल्या आहेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मत्तयानं तर शेवटच्या भेटीतसुद्धा काहींना शंका आली असं सरळ नोंदवलंय. आपल्याच धर्मग्रंथाच्या शेवटच्या पानावर ही नोंद ठेवायला धाडस लागतं.

आणि मग थोमा. योहानानं सांगितलेली गोष्ट. शिष्य दार लावून बसलेले, भीतीनं. येशू मध्ये येऊन उभा राहतो आणि त्यांना शांती चिंतितो. थोमा त्या वेळी नसतो. तो म्हणतो, मी खिळ्यांच्या खुणा बघितल्याशिवाय, त्यात बोट घातल्याशिवाय मानणार नाही. आता नीट ऐका. त्याला कुणी हाकलत नाही. आठ दिवस तो त्यांच्यातच राहतो, न मानता. आठ दिवसांनी येशू पुन्हा येतो, पुन्हा आधी शांती चिंतितो, मग थोमाला म्हणतो, घाल बोट. कॅराव्हॅज्जिओ नावाच्या इटालियन चित्रकारानं १६०१ च्या सुमारास काढलेल्या चित्रात थोमाचं बोट चक्क जखमेत आहे. पण मूळ मजकुरात थोमानं हात लावला असं कुठंच म्हटलेलं नाही.

ती शांती म्हणजे काही गूढ मंत्रही नव्हता. हिब्रूत 'शालोम', त्या लोकांच्या बोलीत 'श्लामा'. रस्त्यात भेटल्यावर म्हणायचा रोजचा शब्द. आमच्या झरीत पहाटे दूध घालायला जाताना जो 'सलाम' कानावर पडतो ना, त्याचाच सख्खा भाऊ. मेलेला माणूस परत येतो आणि पहिला शब्द काय काढतो, तर शेजाऱ्याला म्हणतात तो. पुरावा नंतर.

याच थोमाबद्दल परंपरा सांगते की तो सन ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला आणि आजच्या चेन्नईतल्या मैलापूरला मारला गेला. पुरावे तुटपुंजे आहेत, पण केरळचे लाखो ख्रिस्ती त्याचंच नाव लावतात. शंका घेणाराच या देशाच्या वाट्याला आला म्हणायचा.

आता मराठी मुलखाकडे वळू. परभणीहून मनमाडमार्गे पुण्याला जाणारी गाडी धरली तर वाटेत जालना लागतं, नंतर नगर, मग दौंडच्या पुढे केडगाव. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पण मी जुन्या काळाबद्दल बोलतोय म्हणून जुनंच नाव वापरतो.) मी या मार्गानं कितीदा गेलो असेन, बहुतेक वेळा झोपून. मित्राच्या प्रश्नामुळे पहिल्यांदा जागा राहून बघितलं. मराठी ख्रिस्ती इतिहासातली सगळ्यात अस्वस्थ माणसं याच लोहमार्गावर राहून गेली आहेत.

जालना. इथे नारायण शेषाद्री आले, निजामाच्या राज्यात. १८४३ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा केवढं वादळ उठलं. धाकटा भाऊ श्रीपतही त्यांच्यामागे मिशनऱ्यांकडे गेला होता, तो लहान म्हणून कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. मग त्याला ब्राह्मण जातीत परत घ्यायचं की नाही यावर शास्त्री-पंडितांत जुंपली, आणि बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूनं उभे राहिले. नारायणरावांनी पुढे जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. माझ्या मित्राचे पूर्वज तिथलेच की आजूबाजूचे, हे त्यालाही नक्की ठाऊक नाही.

इथे एक कबुली देतो. आज मी ज्यांची नावं घेणार आहे ती बहुतेक ब्राह्मण घरांतून आलेली. कारण साधं आहे, त्यांनी लिहून ठेवलं. जालना, नगर भागात ख्रिस्ती झालेली बहुसंख्य माणसं गावकुसाबाहेरची होती, कित्येक दुष्काळांत होरपळून निघालेली. त्यांच्या शंका, त्यांची आशा यांची आत्मचरित्रं नाहीत. 'उठणं' या शब्दाचा अर्थ त्यांच्यासाठी मेल्यानंतरचाच होता, की उद्या सकाळी पाटलाच्या वाड्यासमोरून ताठ मानेनं चालण्याचाही? मला वाटतं दोन्ही. पण कागद नसेल तिथं इतिहासवाल्यानं फार बोलू नये.

बाप्तिस्मा झाला की शंका मिटत असेल असं वाटतं ना? नीळकंठशास्त्री गोरे यांच्याकडे बघा. १८२५ चा जन्म, मराठी घराणं, वाढले काशीत. संस्कृतचे पक्के पंडित. मिशनऱ्यांना वादात हरवायचं म्हणून गेले, आणि वाद घालता घालता स्वतःच अडकले. १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेतला, नाव पडलं नेहेम्या. १८५४ मध्ये महाराजा दलीपसिंगांसोबत इंग्लंडला गेले आणि तिथला थाट बघून हादरले. ऑक्सफर्डला मॅक्स म्युलर भेटले, त्यांच्यापाशी यांनी मन मोकळं केलं, की हा जर ख्रिस्ती धर्म असेल तर मी आपला घरी जातो. परत आले, षड्दर्शनांवर ग्रंथ लिहिला, पुढे धर्मगुरू झाले, संन्यस्तासारखे राहिले. आणि तरीही? तरीही शंका सुटल्या नाहीत. प्रत्येक सिद्धांत ते पुन्हा पुन्हा उलटून बघायचे. तर्कशास्त्र शिकलेलं डोकं, त्याला सुट्टी कशी देणार? १८९५ मध्ये मुंबईत वारले. जवळपास पन्नास वर्षं ते शंका घेत घेतच ख्रिस्ती राहिले. थोमाचे आठ दिवस यांनी अर्धं शतक काढले.

पुढचं स्टेशन नगर. इथे जरा जास्त वेळ थांबू, कारण या गोष्टीत माझा जीव अडकलाय.

नारायण वामन टिळक. शाळेत त्यांची कविता कुणी ना कुणी घोकलेली असते, फुलामुलांचे कवी म्हणून. १८९३ च्या आसपास ते राजनांदगावला निघाले होते, रेल्वेनं, आणि डब्यातल्या एका अनोळखी युरोपियन माणसानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला. (बघा, पुन्हा रेल्वे.) १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला न सांगता. लक्ष्मीबाईंच्या पदरात लहानगा दत्तू. सुमारे पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. मग लक्ष्मीबाई नगरला आल्या, पण सोवळं सांभाळून, आपली चूल वेगळी ठेवून. 'स्मृतिचित्रे' वाचली नसेल तर हा भाग इथेच थांबवा आणि आधी ती वाचा, मी रागावणार नाही. एक दिवस त्यांच्या मनात आलं, जाती देवानं केल्या की माणसानं? देवानं केल्या असत्या तर जनावरांत दिसतो तसा फरक माणसांत दिसला नसता का? त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्याही हातचं पाणी प्यायला सुरुवात केली. नवऱ्याच्या प्रवचनानं जे झालं नाही ते त्यांच्या स्वतःच्या प्रश्नानं झालं. १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या.

टिळकांनी ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र लिहायला घेतलं होतं, 'ख्रिस्तायन'. दहा-अकरा अध्याय झाले आणि ९ मे १९१९ ला मुंबईत ते गेले.

आणि इथे ती गोष्ट येते जिच्यामुळे मी जालन्याला फोन केला, रात्री अकरा वाजता. टिळकांची इच्छा होती की आपला देह पुरू नये, दहन करावा.

याचं महत्त्व लगेच लक्षात येणार नाही, म्हणून थोडं मागे जातो. ख्रिस्ती लोक पुरत आले ते देह उठणार या आशेनं. बीसारखा मातीत ठेवायचा. जाळणं म्हणजे त्या आशेला नकार, अशी भावना शतकानुशतकं होती. कॅथलिक चर्चनं दहनाला परवानगी दिली ती थेट १९६३ मध्ये. टिळक प्रॉटेस्टंट होते, त्यांच्यावर तसा लेखी नियम नव्हता, पण रूढी होतीच. १९१९ साली एका नामांकित ख्रिस्ती कवीनं सांगावं की मला चितेवर ठेवा, म्हणजे काय समजायचं? त्यांचा पुनरुत्थानावर विश्वास नव्हता? माझं मत उलट आहे. मातीतून उठवू शकणारा देव राखेतून उठवू शकत नसेल तर तो देव कसला, असंच त्यांच्या मनात असणार. आणि दुसरं, ख्रिस्ती होण्यासाठी आपल्या आईबापांची रीत सोडावी लागते हे त्यांना कधीच पटलं नाही. आपण तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे. त्यांची इच्छा पाळली गेली. अस्थी नगरला आणल्या. समाधीवर त्यांच्याच एका गीताची ओळ आहे, आणि तिचा सूर जिंकल्याचा नाही. आपण अजून कितीतरी अपुरे आहोत असा आहे.

पौलानं करिंथच्या शंकेखोरांना जे उत्तर दिलं तेही बियाण्याचंच होतं. पेरतो ते आणि उगवतं ते एकसारखं दिसत नाही. आमच्याकडे हे सांगावं लागत नाही. ज्वारीचा दाणा हातात घेऊन त्यात सात फुटांचं ताट कुणाला दिसलंय? पण म्हणून शेतकऱ्याला पेरताना खात्री असते असंही नाही. आमचे बाबा मृगात बी टाकतात आणि आभाळाकडे बघत बसतात. खात्री असती तर बघितलं असतं का?

टिळक गेले तेव्हा ख्रिस्तायन अर्धवट. चरित्राचा नायक अजून वधस्तंभापर्यंतही पोचलेला नाही, आणि कवी मेला. लक्ष्मीबाईंचं शिक्षण म्हणावं तर नाहीच. नवऱ्यानं घरी अक्षरं गिरवून घेतली होती तेवढंच. या बाईंनी ते काम हातात घेतलं, आणि एकदोन नाही, चौसष्ट अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्याही गेल्या. शेवटचा अध्याय मुलानं, देवदत्तनं, लिहून पुरा केला. एकूण शहात्तर. १९३८ मध्ये ग्रंथ छापून आला.

विचार करा. मरणाला हरवणाऱ्याची गोष्ट, आणि तिचे दोन लेखक एकामागोमाग एक लिहिता लिहिताच मेले. वधस्तंभाकडे नेणारी ती लांब वाट विधवा बाईनं चालायची, आणि शेवट पोरक्या झालेल्या मुलानं करायचा. ओव्या रचताना लक्ष्मीबाईंना रोज खात्री वाटत असेल का? त्यांचा स्वभाव 'स्मृतिचित्रे'त दिसतो तसा असेल, तर त्या एखाद्या ओळीवर फिस्कन हसल्या असतील, नवऱ्याशी मनातल्या मनात भांडल्या असतील, आणि चूल आटोपून पुन्हा लिहायला बसल्या असतील. हे मी कल्पनेनं बोलतोय. चौसष्ट अध्याय मात्र कल्पना नाहीत.

गाडी दौंड सोडून पुढे आली की केडगाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन.

रमाबाईंच्या आयुष्यात मरण किती वेळा आलं ते मोजा. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ. १८८२ मध्ये पटकीनं नवरा, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. हातात तान्ही मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या मठात राहिल्या, २९ सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. वर उल्लेख केलेल्या गोरे शास्त्रींच्या लेखनाचा त्या निर्णयात मोठा वाटा होता.

इतकं सोसल्यावर बाई मुकाट्यानं सगळं मान्य करेल असं मठातल्या सिस्टर जेराल्डिनना वाटलं असावं. तसं झालं नाही. १८८५ मधली त्यांची पत्रं वाचताना मला अक्षरशः टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. त्रैक्य मला पटत नाही. ख्रिस्ताचं ईश्वरत्व तुम्ही म्हणता तसं मला दिसत नाही. मला शास्त्रात दाखवा. सिस्टर म्हणायच्या हा गर्व आहे. रमाबाईंचं उत्तर असं, की मी मोठ्या कष्टानं भटजींच्या जोखडातून मान सोडवली, ती लगेच दुसऱ्या जोखडात घालायला नाही. क्रॉसवर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नाहीत, इथपर्यंत वाद. चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील मात्र वेगळ्या. त्यांनी दटावलं नाही. पत्राला पत्र लिहीत राहिल्या, प्रश्नाला प्रश्न म्हणून वागवलं. शंका घेणाऱ्याला माणूस कसा भेटतो यावर किती अवलंबून असतं ना.

रमाबाईंनी पुढे १९०७ मध्ये आपल्या अनुभवाचं कथन लिहिलं. त्यात त्या मान्य करतात की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त नाही. मनाला शांती नव्हती. १८९१ च्या सुमारास ती मिळाली, आणि त्यात एका पुस्तकाचा हात होता. विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याची आत्मकथा, मरणातून जीवनात असं काहीसं तिचं नाव. हा हॅस्लम म्हणजे भारी प्रकरण. कित्येक वर्षं प्रवचनं देत होता, आतून कोरडाच. १८५१ मध्ये कॉर्नवॉलला एका रविवारी पुलपिटावर उभा असताना स्वतःच्याच प्रवचनानं त्याचं परिवर्तन झालं! ज्याला स्वतःला पटलेलं नव्हतं त्या माणसाची गोष्ट रमाबाईंना लागू पडली. ज्यांना सगळं पटलेलं होतं त्यांची नाही.

मग केडगाव उभं राहिलं, १८९६-९७ च्या दुष्काळातल्या शेकडो मुली तिथं आल्या. आणि उतारवयात रमाबाईंनी एक वेडं काम घेतलं. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर, साध्या बाईला कळेल अशा मराठीत, केडगावच्याच छापखान्यात, बायकांच्याच हातांनी खिळे जुळवून. १९२१ मध्ये मनोरमा वारली. एकुलती एक मुलगी, संस्थेची वारस. चाळीशीत. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, कानांनी जवळपास ऐकू येत नव्हतं. त्या मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. त्या वर्षीचा ईस्टर अकरा दिवसांवर होता. काम पुरं होईपर्यंत आयुष्य दे अशी प्रार्थना त्यांनी केली होती आणि शेवटचं मुद्रित तपासून झाल्यावरच डोळे मिटले, असं सांगतात. तारखांचा हिशेब कुणी कसाही लावो, १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झालं.

थोमाची गोष्टही त्यात आहेच. 'मला दाखवा' म्हणणाऱ्या माणसाची गोष्ट, 'मला दाखवा' म्हणणाऱ्या बाईनं मराठीत आणलेली. मुलगी गेल्यावर त्या पानावर त्यांची नजर पुन्हा फिरली असेल का, हे मला राहून राहून वाटतं.

तर मित्रा, मी तुला यादी पाठवली होती. करिंथचे लोक, मार्कच्या पळालेल्या बायका, थोमा, गोरे, लक्ष्मीबाई, रमाबाई. तू उत्तरात फक्त अंगठा पाठवलास. दोन आठवडे मग काहीच नाही. मला वाटलं, इतिहास सांगून मी उगाच शहाणपणा केला. बाप गेलेल्या माणसाला तारखा काय कामाच्या?

परवा त्याचा फोन आला. मी इथे झरीतच होतो, आजीच्या वर्षश्राद्धाला. म्हणाला, 'स्मृतिचित्रे' घरी नेलं होतं, आईनं वाचायला घेतलं. रोज रात्री दोन पानं, मोठ्यानं. लक्ष्मीबाईंच्या सोवळ्याच्या गमतींवर हसायची. आणि टिळक जातात तिथं आल्यावर थांबली. पुस्तक मिटलं. तेव्हा याला राहवलं नाही, यानं सांगून टाकलं, "आई, ईस्टरला मी उत्तर दिलं नाही. माझ्याच्यानं म्हणवलं नाही."

आई म्हणाली, "मला माहीत आहे. मी तुझ्याकडेच बघत होते." मग बऱ्याच वेळानं म्हणाली, "मी तरी कुठं म्हणाले रे. नुसते ओठ हलवले."

दोघं बराच वेळ तशीच बसली, म्हणे. नंतर तिनं चहा टाकला.

ट्रॅक्टर परत आलाय, आता काही ऐकू येणार नाही तुम्हाला. थांबतो. आणि हो, मघाशी सांगायचं राहिलं. मी सुरुवातीला तुम्हाला सवयीनं 'मंडळी' म्हणतो ना, मराठी ख्रिस्ती लोक चर्चमध्ये जमणाऱ्या माणसांना हाच शब्द वापरतात. मला हे त्या पहाटेपर्यंत माहीत नव्हतं.

भेटू पुढच्या भागात.